घरासाठी वायफायची पेटी कशी निवडावी?

आता खेड्यापाड्यांतही तारेने इंटरनेट येऊ लागले आहे. देशातल्या ग्रामपंचायतींपर्यंत काचेच्या तारा नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. आज तिला भारतनेट म्हणतात. त्याशिवाय खासगी कंपन्या आहेत. गावातला केबलवाला आहे. कोणी सरकारी जोडणी घेतो, कोणी खासगी. घरात एक छोटी पेटी बसते. तिचे दिवे लुकलुकतात. दर महिन्याला चार-पाचशे रुपये जातात.

हे पैसे कष्टाचे आहेत. म्हणून त्यांचा पुरता उपयोग झाला पाहिजे.

पण कित्येक घरांत काय दिसते? पैसे पुऱ्या वेगाचे भरलेले असतात. तरी मुलगी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली, की फोनवरचा धडा पुढे सरकत नाही. चक्र नुसते फिरत राहते. मग ती वही-पुस्तक उचलून बाहेर ओसरीवर येते. डास चावतात, येणारे-जाणारे बोलतात, पण करणार काय? परीक्षेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस असला, म्हणजे तर जीव टांगणीला लागतो.

मग घरातला कर्ता म्हणतो, "डबाच भंगार आहे. नवा आणू." दुकानदार चार शिंगांची पेटी पुढे करतो. "काका, ही घ्या. लई रेंज आहे बघा!" चार हजार रुपये जातात. पेटी घरी येते. आणि मुलगी पुन्हा ओसरीवरच!

असे का होते? पैसे खर्च झाले, पण दोष कुठे आहे हे कोणी पाहिले नाही. दोष कधी तारेत असतो, कधी पेटीत असतो, तर कधी भिंतीत असतो. बैल लंगडतो म्हणून गाडी बदलून चालत नाही. आधी बैलाचा पाय पाहावा लागतो.

म्हणून पेटी कशी निवडावी, हे आपण या धड्यात पाहू. आणि नवी पेटी खरोखर लागते का, हेही पाहू.

राउटर म्हणजे काय?

वायफायच्या पेटीला राउटर म्हणतात. राउटरचे काम समजून घेणे अवघड नाही.

आपण शेताला पाणी देतो. पाटाने पाणी येते. मग दारे धरणारा माणूस ते वळवतो. या वाफ्याचे झाले, की त्या वाफ्याला. कुठले पाणी कुठे जायचे, हे तोच पाहतो. राउटर हा असाच दारे धरणारा आहे. बाहेरून एकच तार येते. घरात मात्र चार फोन असतात, एखादा टीव्ही असतो, एखादा कॅमेरा असतो. ज्याने जे मागितले, ते त्याच्याकडेच पोचवायचे, हे राउटरचे काम.

पाटालाच पाणी कमी असेल, तर दारे धरणारा कितीही हुशार असून काय उपयोग? राउटर इंटरनेट तयार करीत नाही. तो फक्त वाटून देतो. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. निम्मी फसवणूक इथेच टळते.

आता बाहेरच्या तारेकडे पाहू. तिला फायबर म्हणतात. तिच्या पोटात केसासारखा बारीक काचेचा धागा असतो. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. काच वाकली तरी प्रकाश तिच्या आतल्या आत वळत पुढे जातो. हे काम जगाला दाखवणाऱ्यांत आपल्या पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे एक होते. १९५४ साली त्यांनी व त्यांच्या गुरूंनी काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवले.

प्रकाशाचे रूपांतर फोनला व संगणकाला कळेल अशा इशाऱ्यांत करावे लागते. त्यासाठी कंपनीची एक पेटी असते. काही घरांत ती वेगळी असते आणि राउटर वेगळा असतो. काही घरांत एकाच पेटीत दोन्ही कामे होतात. आपल्या घरी एक पेटी आहे की दोन, हे आधी पाहून ठेवा.

काचेच्या तारेबद्दल दोन गोष्टी सांभाळा. ती काटकोनात मोडू नका. खिळ्याला गुंडाळू नका. आणि तिचे टोक सुटले, तर त्यात डोळा घालून पाहू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला तो वाईट.

आधी दोष शोधा

इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात. दर सेकंदाला किती मेगाबिट आले, तो वेग. तुमच्या पावतीवर ५० लिहिले असेल, तर ५० मेगाबिट. १०० लिहिले असेल, तर १००. वेग मोजण्याची अ‍ॅप फोनवर फुकट मिळतात. घरातल्या पोरांना ती ठाऊक असतात.

एक कागद घ्या. त्यावर पावतीवरचा वेग लिहा. मग पुढील तीन तपासण्या करा.

पहिली तपासणी. घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही थोडा वेळ बंद ठेवा. पेटीपासून दोन-तीन हातांवर उभे राहा. वेग मोजा. आकडा कागदावर लिहा. मग आतल्या खोलीत जा. पुन्हा मोजा. पुन्हा लिहा. समजा, पावतीवर ५० आहे. पेटीजवळ ४५ आले आणि आतल्या खोलीत ४ आले. मग तार चांगली आहे. पेटीही चांगली आहे. दोष अंतराचा आणि भिंतीचा आहे.

दुसरी तपासणी. पेटीजवळही आकडा कमीच आला, तर दुसऱ्या फोनवर मोजून पाहा. कधी कधी आपला फोनच जुना असतो. तरीही कमीच आला, तर कोणाचा तरी लॅपटॉप आणा. तो तारेने पेटीला जोडा आणि मोजा. तारेने आकडा चांगला आला, तर पेटीचे वायफाय दुबळे आहे. तारेनेही कमीच आला, तर बहुधा बाहेरच्या लाइनीत दोष आहे. अशा वेळी राउटर बदलू नका. कंपनीला फोन करा.

तिसरी तपासणी. सकाळी मोजा आणि रात्री नऊला मोजा. सकाळी चांगला आणि रात्रीच कमी असे रोज होत असेल, तर कंपनीच्या लाइनीवर गर्दी होते. पाटावर एकदम साऱ्यांनी दारे फोडली, तर पाणी कमी पडणारच. हा दोषही तुमच्या पेटीचा नाही.

आणि पेटीवर लाल दिवा लागला असेल तर? बहुधा काचेची तार तुटली किंवा मोडली आहे. कंपनीचा माणूसच ती जोडू शकतो.

हा आकड्यांचा कागद जपून ठेवा. तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढे सांगितले, तर समोरचा "बघतो" म्हणतो आणि विसरतो. पण "काल रात्री नऊ वाजता तारेने मोजले, ५० पैकी ६ आले," असे सांगितले, की त्याला उत्तर द्यावेच लागते. लिहिलेल्या शब्दाला वजन असते.

पेटीची जागा

पुष्कळ घरांत नवी पेटी लागतच नाही. जागा बदलली की काम होते. आणि जागा बदलायला खर्च बहुधा थोडाच येतो.

वायफायच्या लहरी दिसत नाहीत. पण त्या दिव्याच्या उजेडासारख्या चोहीकडे पसरतात. कंदील आपण कुठे टांगतो? घराच्या मध्यावर, उंच, आणि मोकळ्या जागी. पेटीही तशीच ठेवावी.

पण लोक काय करतात? दिसायला बरे म्हणून पेटी कपाटात ठेवतात. कोणी टीव्हीच्या मागे कोंबतात. कोणी भिंतीतल्या देवळीत बसवतात. दगडी भिंत हात-दीड हात जाड! लहरींनी जावे कुठून?

लोखंड आणि पत्रा यांच्यातून लहरी जवळजवळ जात नाहीत. त्या उलट फिरतात. म्हणून लोखंडी कपाट, धान्याची कणगी, पत्र्याची भिंत आणि मोठा आरसा यांच्या आड पेटी नको. पाणीही लहरी पिऊन टाकते. पाण्याच्या टाकीजवळ ती नको. जाड दगड, माती आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब यांतून लहरी थोड्याच जातात. विटेची पातळ भिंत आणि लाकडी दार यांतून बऱ्याच जातात.

पेटी जमिनीवर ठेवू नका. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, फळीवर ठेवा. खोल्यांची दारे एकासमोर एक असतील, तर त्या रांगेत ठेवा. दारातून लहरी आत जातात. वर पत्रे असतील, तर पेटी पत्र्याला टेकवू नका. उन्हाने पत्रे तापतात. उष्णतेने पेटीचे आयुष्य कमी होते.

तार बसवायला माणूस येतो, तेव्हाच त्याला सांगा, "दादा, दारात नको. माजघरापर्यंत तार आणा." त्याला दारातच काम उरकायचे असते. मागितल्यावाचून तो आत येत नाही. थोडी तार जास्त लागेल. पण पुढची कित्येक वर्षे सोय होईल.

जागा बदलली, की पुन्हा वेग मोजा. आकडा वाढला का? वाढला असेल, तर चार हजार रुपये वाचले!

दोन पट्टे

सगळे करूनही भागले नाही, तर नवी पेटी घ्यावी लागेल. मग काय पाहावे?

पहिली गोष्ट पट्ट्यांची. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. नावे अवघड आहेत, पण अर्थ सोपा आहे.

२.४ च्या लहरीची लांबी सुमारे अर्ध्या वितीएवढी असते. ती लांब जाते. भिंतीतूनही बरी जाते. पण तिच्या वाटेवर गर्दी फार. शेजारच्यांचे वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्हची भट्टी ही सारी त्याच पट्ट्यात. या पट्ट्यात एकमेकींना न घासता जातील अशा तीनच वाटा आहेत.

५ ची लहर त्याहून निम्मी आखूड असते. ती वेगवान आहे. तिच्या वाटा जास्त आणि गर्दी कमी. पण भिंत आली, की ती दमते.

म्हणजे एक बैलगाडी आणि एक मोटार. बैलगाडी कच्च्या वाटेनेही जाते. मोटार वेगाने जाते, पण तिला सडक हवी. घरात दोन्ही असलेले बरे. म्हणून दोन्ही पट्टे असलेलीच पेटी घ्या. तिला 'ड्युअल बँड' म्हणतात. नुसत्या २.४ ची पेटी दोन-चारशे रुपयांनी स्वस्त मिळते. पण आज ती घेऊ नका.

खोक्यावरचे आकडे

पेटीच्या खोक्यावर मोठे आकडे छापलेले असतात. ३००, १२००, १५००, ३०००. पाहणारा दिपून जातो. हे आकडे कसे होतात, ते पाहा.

'एसी १२००' असे लिहिलेली पेटी घ्या. २.४ च्या पट्ट्याचे ३००, आणि ५ च्या पट्ट्याचे ८६७. बेरीज झाली ११६७. ती वाढवून छापली १२००! आता तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. मग दोहोंची बेरीज त्याला मिळणार कशी? शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले. घरात त्याच्या निम्मे मिळाले, तरी पुष्कळ.

दुसरी मेख तर याहून मोठी आहे. पेटीच्या मागे तार जोडायची चौकोनी भोके असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. पुष्कळ स्वस्त पेट्यांचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. खोक्यावर १२०० छापले असले, तरी बाहेरून आत यायची वाटच १०० ची! मोठी टाकी बांधली आणि तिला अर्ध्या इंचाचा नळ बसवला, तसे हे झाले.

तुमची जोडणी ३०, ४० किंवा ५० ची असेल, तर १०० चे पोर्ट चालेल. जोडणी १०० ची किंवा त्याहून मोठी असेल, तर 'गिगाबिट पोर्ट' असे लिहिलेली पेटीच घ्या. गिगाबिट म्हणजे १००० मेगाबिट.

तिसरी मेख शिंगांची. शिंगे म्हणजे अँटेना. चार शिंगे दिसली, की लोकांना वाटते, रेंज चौपट. तसे नसते. पेटीने किती जोराने लहरी सोडाव्यात, याला सरकारची मर्यादा आहे. ती सर्वांना सारखी. आणि आणखी एक गोष्ट. वायफाय हे दोघांचे बोलणे आहे. पेटी मोठ्याने ओरडली, तर फोनला ऐकू जाईल. पण फोनचा आवाज पेटीपर्यंत पोचायला हवा ना? फोनचा आवाज लहानच असतो. म्हणून शिंगे मोजून पेटी घेऊ नका.

पिढ्यांचे आकडे

वायफायच्या पिढ्या आहेत. २०१८ साली त्यांना सोपे आकडे दिले गेले. वायफाय ४, वायफाय ५, वायफाय ६. २०२४ पासून वायफाय ७ ची प्रमाणित उपकरणे येऊ लागली.

वायफाय ४ आता जुने झाले. वायफाय ५ साध्या घराला पुरते. वायफाय ६ चा गुण असा, की एकाच वेळी अनेकांना ते नीट वाढते. चांगली वाढपीण एका फेरीत चार पानांवर वाढते, तसे. घरात दहा-पंधरा उपकरणे असतील, तर वायफाय ६ घ्यावे. पेटी पाच-सहा वर्षे वापरायची असेल आणि ऐपत असेल, तरीही ते घ्यावे. वायफाय ७ साठी जास्तीचे पैसे मोजण्याची गरज साध्या घराला आज नाही.

आणि हे विसरू नका. पेटी नवी आणि फोन जुना असेल, तर बोलणे जुन्याच पद्धतीने होते.

किती वेग लागतो?

आता घराचा हिशेब करू. फोनवर तोंड पाहून बोलायला एका माणसाला २-३ मेगाबिट पुरतात. टीव्हीवर स्वच्छ चित्र पाहायला सुमारे ५ ते ८ लागतात. एका कॅमेऱ्याला सुमारे २. पैसे पाठवणे, अर्ज भरणे, सातबारा पाहणे याला तर फारच थोडा वेग लागतो.

समजा, एका घरात टीव्ही चालू आहे, त्याचे ८. मुलगी फोनवर शिकते, तिचे ३. मुंबईच्या आत्याशी आजीचे बोलणे चालले आहे, त्याचे ३. आणखी दोन फोन पाहणे चालू आहे, त्यांचे १०. कॅमेऱ्याचे २. बेरीज करा. २६ झाले. म्हणजे ४० किंवा ५० ची जोडणी अशा घराला पुरून उरते.

असे घर असेल, तर दोन पट्ट्यांची वायफाय ५ ची साधी पेटी भागते. ती हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळते. भाव बदलत असतात, म्हणून दोन-तीन दुकानांत विचारा. चार-पाच हजारांची पेटी घेऊन ५० चे ६० होणार नाहीत.

मोठा वाडा, लांबचा गोठा

घर मोठे असेल, भिंती जाड असतील, तर एक पेटी पुरत नाही. मग तीन उपाय आहेत.

पहिला उपाय, 'एक्स्टेंडर'. ही छोटी पेटी मधल्या खोलीत लावतात. ती लहर झेलते आणि पुढे सोडते. स्वस्त असते. पण एकाच तोंडाने ऐकायचे आणि बोलायचे, म्हणून पुष्कळदा वेग निम्मा होतो.

दुसरा उपाय, 'मेश'. यात दोन-तीन पेट्या एकमेकींशी जुळवून घेतात. फिरताना फोन तुटत नाही. सोय चांगली, पण महाग.

तिसरा उपाय आम्हांला सर्वांत पसंत आहे. पहिल्या पेटीपासून आतल्या खोलीपर्यंत तार ओढा. तिच्या टोकाला दुसरा साधा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' करून लावा. ही तार चांगली असेल, तर १०० मीटरपर्यंत चालते. 'कॅट ६' किंवा 'कॅट ५ ई' अशी अक्षरे तिच्यावर छापलेली असतात. भिंत कितीही जाड असो, तारेला तिचे काय?

मात्र गोठ्यापर्यंत उघड्यावरून तार नेली, तर विजेचे भय असते. पावसाळी ढग दिसू लागले, की ती दोन्ही टोकांनी काढून ठेवा. विजेच्या वायरीला लागून ती नेऊ नका.

कुलूप

दुकानदार वेग सांगतो, रेंज सांगतो. कुलपाचे कोणी सांगत नाही. पण ते सर्वांत महत्त्वाचे आहे.

आज फोनमध्ये बँक आहे. बचतगटाचा हिशेब आहे. पिकाचे पैसे आहेत. घराच्या दाराला कडी हवी, तशी वायफायलाही हवी. तुमच्या वायफायवरून परक्या माणसाने काही वाईट काम केले, तर चौकशी तुमच्या दारी येते. कारण जोडणी तुमच्या नावाची.

या कुलपाचे नाव 'डब्ल्यूपीए'. त्यातले 'डब्ल्यूपीए ३' सर्वांत नवे. 'डब्ल्यूपीए २' ही चालते. त्याहून जुनी कुलपे मोडकी आहेत, ती लावू नका. नवी पेटी घेताना 'डब्ल्यूपीए ३' आहे का, ते विचारा.

पेटीला दोन किल्ल्या असतात. एक वायफायचा पासवर्ड. ही दाराची किल्ली. दुसरा पेटीच्या कारभाराचा पासवर्ड. ही तिजोरीची किल्ली. कारखान्यातून आलेले दोन्ही पासवर्ड बदला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका घातकी प्रोग्रामने जगातले काही लाख कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कसे घेतले? त्यांच्या मालकांनी कारखान्याचा पासवर्ड बदललाच नव्हता.

पासवर्ड लांब ठेवा, निदान बारा अक्षरांचा. फोन नंबर, मुलाचे नाव, जन्मतारीख असे काही नको. वहीत लिहून ठेवा आणि वही कपाटात ठेवा. तो भिंतीवर लिहू नका.

पाहुणे आले, तर "वायफाय देता का?" असे विचारतातच. नाही म्हणणे बरे दिसत नाही. म्हणून पुष्कळ पेट्यांत पाहुण्यांसाठी निराळे वायफाय काढता येते. त्याला 'गेस्ट' म्हणतात. ओसरी पाहुण्याला, माजघर घरच्याला. ही सोय असलेली पेटी घ्या. वर्षानुवर्षे दुरुस्त्या पाठवणाऱ्या कंपनीची पेटी घ्या, आणि दुरुस्त्या आपोआप होऊ द्या.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पेटीने टळत नाही. फोनवर आलेला गुप्त आकडा, म्हणजे ओटीपी, दुसऱ्याला सांगितला, तर सारी कुलपे फुकट. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या नंबरावर फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

वीज

वीज गेली, की पेटी बंद. ऐन परीक्षेच्या वेळी वीज गेली, तर? त्यासाठी राउटरची छोटी बॅटरी मिळते. तिला 'मिनी यूपीएस' म्हणतात. ती घेताना पेटीच्या अडॅप्टरवरचा आकडा पाहा. बहुतेक १२ व्होल्ट असतो. पण काहींचा ९ असतो. आकडा जुळला नाही, तर पेटी बिघडते किंवा चालत नाही. घरात दोन पेट्या असतील, तर दोन्हींना वीज लागते. एकीलाच बॅटरी लावून भागत नाही.

अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नंबर आहे का, ते पाहा. विजा कडाडू लागण्याआधी अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवा. पेटी जळते ती बहुधा याच वाटेने.

कोणी विचारतात, "या लहरींनी काही अपाय होतो का हो?" घरच्या पेटीची लहर फारच दुबळी असते. तिचे बळ एका वॉटच्या काही भागाएवढे. वायफायने आजार होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. तरी मनाला शंका असेल, तर पेटी उशाशी ठेवू नका. चार हात दूर ठेवली, की तिचा जोर पुष्कळ कमी होतो.

दुकानात जाण्यापूर्वी

आधी कंपनीला विचारा, "आमच्या लाइनीवर आमचा राउटर चालेल का?" कंपनीची काचेची पेटी बहुधा काढता येत नाही. तिच्या मागे आपला राउटर जोडावा लागतो. त्यासाठी कंपनीकडून जोडणीचे नाव आणि पासवर्ड लागला, तर तो लिहून घ्या. जुन्या टेलिफोनच्या तारेवर चालणारा राउटर वेगळा असतो. चुकून तो घेऊ नका.

मग एका कागदावर हे लिहा आणि खिशात घालून जा.

१. आमची जोडणी किती मेगाबिटची आहे?
२. दोन पट्टे आहेत का? २.४ आणि ५.
३. पोर्ट १०० चे की गिगाबिटचे?
४. वायफाय ५ की ६?
५. 'डब्ल्यूपीए ३' कुलूप आहे का?
६. पाहुण्यांचे वायफाय निराळे काढता येते का?
७. अडॅप्टर किती व्होल्टचा?
८. हमी किती वर्षांची? दुरुस्ती कुठे होते?
९. घरी चालला नाही, तर परत घेणार का? किती दिवसांत?

दुकानदार बोलत असताना प्रत्येक प्रश्नासमोर उत्तर लिहा. लाजू नका. तो म्हणेल, "दादा, एवढं कशाला लिहिता? घ्या डोळे मिटून." डोळे मिटून घ्यायला आपण वाचायला शिकलो नाही. खोक्यावरचे इंग्रजी शब्द कळले नाहीत, तर शाळेत जाणाऱ्या पोराला बरोबर न्या. तो वाचील, तुम्ही जुळवून पाहा. शेवटी छापील पावती मागा. पावतीवर पेटीचा नंबर आहे ना, ते तिथेच उभे राहून वाचा.

पेटी घरी आली, की बसवा. पासवर्ड बदला. आणि पुन्हा तोच जुना कागद काढा. पेटीजवळचा आणि आतल्या खोलीतला वेग मोजून, जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. आकडे वाढले, तर पैसे सत्कारणी लागले. नाही वाढले, तर मुदत आहे तोवर पेटी परत करा.